चिठ्ठी कुणाची निघाली? भोसरीतल्या एका चर्चागटाचं प्रकरण

आमच्या कंपनीत सव्वीस वर्षं सेटर (मशिनवर काम लावून देणारे) असलेले काका निवृत्त झाले, त्या दिवशी आम्ही त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली, फोटो झाले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका ॲल्युमिनिअमच्या हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ओव्हल (लंबगोल) यायला लागला.

जॉब पातळ भिंतीचा, बोअर साधारण १०० मिलिमीटरचा. मशिनवर असेपर्यंत बोअर गेजचा काटा जागचा हलायचा नाही. चकातून, म्हणजे जॉब आवळून धरणाऱ्या पकडीतून, सोडून टेबलावर ठेवला की दोन दिशांना दोन मापं. प्रोसेस शीटवर सगळं लिहिलेलं होतं: स्पीड, फीड, इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) नंबर, चकाचं प्रेशर. नव्या सेटरनं त्यातलं काहीच बदललं नव्हतं. आम्ही इन्सर्ट बदलले, मशिनचं लेव्हल तपासलं, स्पिंडलला डायल लावून पाहिला. रिजेक्शनचं लाल क्रेट भरत राहिलं. शेवटी काकांना फोन केला. ते जुन्नरकडच्या त्यांच्या गावाहून पहिल्या एसटीनं आले.

मशिनपाशी ते दोन मिनिटं नुसते उभे राहिले. रफ कट झाल्यावर त्यांनी दार उघडायला लावलं आणि जॉबवर तळहात ठेवला. "गरम आहे अजून," म्हणाले. जॉब गार होईपर्यंत थांबले, चक सैल केला, मग जॉब हलक्या प्रेशरला पुन्हा धरला आणि त्यानंतरच फिनिश कट मारला. बोअर मापात आला, गोल आला.

"सोडून धरायचा, मॅडम. आवळलेला जॉब चकात गोल दिसतो, सोडला की आपल्या मूळच्या आकाराला जातो."

१०० मिलिमीटर व्यासाचं ॲल्युमिनिअम १० अंशांनी तापलं, तर व्यास सुमारे २३ मायक्रॉननी वाढतो. मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात, हेही मला पाठ होतं. क्वालिटी विभाग माझ्याकडे होता, हे मला माहीत असायलाच हवं होतं. ओव्हल होण्याचं कारण चकाचं प्रेशर, माप सरकण्याचं कारण उष्णता, आणि काका दोन्ही एकाच सवयीनं सांभाळत होते. हे कुणाला कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुणी विचारलंच नाही. आणि मला वाटायचं, सगळेच असं करत असतील."

या दुसऱ्या वाक्यानं माझी झोप उडवली. ज्याला येतं त्याला आपल्याला काही वेगळं येतं हे ठाऊक नसतं. मग तो ते सांगणार कसा? लिहिणार कुठे? कुणाला कुठलं काम येतं ते दाखवणाऱ्या आमच्या भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्समध्ये काकांच्या नावापुढचं वर्तुळ पूर्ण भरलेलं होतं. त्या काळ्या वर्तुळात नेमकं काय आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

हे २०१८ सालचं. त्या वर्षी भोसरी एमआयडीसीत सगळीकडे आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या नव्या आवृत्तीची धावपळ होती. २०१५ च्या त्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम नव्यानं आलं. कामाला लागणारं ज्ञान संस्थेनं ओळखावं, राखावं आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवावं, असा त्याचा आशय. जुन्या प्रमाणपत्रांची मुदत सप्टेंबर २०१८ मध्ये संपत होती. आम्हीही या कलमासाठी एक रजिस्टर केलं. एका दुपारी मी एकटीनं बसून त्यात जुन्या कस्टमर कम्प्लेंट उतरवून काढल्या. ऑडिटरनं ते पाहिलं, बरोबरची खूण केली आणि पुढच्या कलमाकडे वळला. कलम पूर्ण झालं होतं आणि काका गावाला गेले होते.

महिन्याभरानं एक लॉट घेऊन हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे, म्हणजे भट्टीत धातूवर प्रक्रिया करून देणाऱ्यांकडे, गेले. भट्टीतून माल निघायला वेळ होता. तिथे बाकावर आणखी तिघं आपापल्या मालासाठी थांबले होते: एक प्रेस टूलवाले, एक गिअर करणारे, एक आमच्यासारखेच मशिनिंगवाले. चहा आला. मी हाउसिंगची गोष्ट सांगितली. प्रेस टूलवाले म्हणाले, "आमचा डाय फिटर काम सोडून गेला, तेव्हापासून डायचा क्लिअरन्स (साच्याच्या दोन भागांमधली फट) बसत नाही. चार्ट आहे, पण तो डायला एक कागद लावून बघायचा, तो कुठला कागद ते कुणाला माहीत नाही." गिअरवाल्यांची तिसरीच गोष्ट. माल निघाला तरी आम्ही उठलो नाही. हा गट खरं तर त्या बाकावरच सुरू झाला होता, पण ते आम्हाला कळायला सहा महिने लागले.

कारण आम्ही त्यानंतर जे केलं ते सगळे करतात तेच. एक हॉल घेतला, बॅनर केला, त्यावर 'नॉलेज मॅनेजमेंट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांना बोलावलं. चाळीसच्या आसपास माणसं आली. प्राध्यापक तयारीचे होते आणि बोललेही चांगलं. इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या एका लेखातली पावाच्या यंत्राची गोष्ट त्यांनी सांगितली. मात्सुशिता कंपनीला घरगुती ब्रेड मेकर करायचा होता. कणीक यंत्रात मळली की पाव बाहेरून करपायचा, आत कच्चा राहायचा. इंजिनिअरांनी यंत्रानं मळलेल्या आणि हातानं मळलेल्या कणकेचे एक्स-रे सुद्धा काढून पाहिले. मग इकुको तानाका ही सॉफ्टवेअर तयार करणारी बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला राहिली. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की तो कणीक मळताना तिला एक खास पीळ देऊन ओढतो. तो पीळ यंत्रात आणण्यासाठी भांड्याच्या आतून कंगोरे दिले आणि यंत्र चाललं.

माझ्या शेजारी बसलेल्या एका कारखानदारांनी हे ऐकून स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, ते मला आजही आठवतं. त्यांना नक्की काहीतरी सांगायचं होतं. पण तोवर पुढची स्लाइड आली. शेवटी प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं उरली, ती दोघांच्या लांबलेल्या मनोगतांत गेली. आभारप्रदर्शन झालं आणि माणसं चहा घेऊन पांगली. दुसऱ्या महिन्यात दुसरे वक्ते, सतरा माणसं. तिसऱ्या महिन्यात सहा, त्यातले चौघं आम्ही आयोजकच.

पुणं हे व्याख्यान ऐकणारं गाव आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला या शहरानं पिढ्यान् पिढ्या ऐकली आणि त्या ऐकण्यानं शहराचं मोठं भलं झालं. म्हणून चार माणसांना एखाद्या विषयासाठी एकत्र आणायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर आपोआप व्यासपीठ, सतरंजी आणि पाण्याचा तांब्या उभा राहतो. पण आम्हाला हवं होतं ते त्या शेजारच्या माणसाच्या तळहातात होतं. तो माणूस व्यासपीठावर कधीच चढला नसता.

उपाय मला सापडला तो आमच्या सोसायटीच्या भिशीत. आम्ही बारा जणी. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जमतो, चिठ्ठी निघते, जिची निघेल तिला सगळ्यांची रक्कम. या भिशीला कुणी दांडी मारत नाही. पाऊस असो, पाहुणे असोत, मुलांच्या परीक्षा असोत. आणि यात काही शिस्तीचा बडगा नाही. प्रत्येकीला माहीत असतं की आपली पाळी येणार आहे, आणि ती येईल तेव्हा बाकीच्या अकरा जणी हजर असायला हव्यात. आज मी आले नाही, तर माझ्या वेळी कुणी कशाला येईल? अकरा वेळा द्यायचं, एकदा घ्यायचं. त्या दिवशी घरी परतताना मी जिन्यातच थांबून त्या तिघांना मेसेज केला: आपण व्याख्यानमाला बंद करून भिशी लावू या.

बारा जण ठरले. बारापेक्षा जास्त नाहीत, कारण वर्षात प्रत्येकाची एकदा पाळी यायलाच हवी. दिवस गुरुवार, महिन्यातला दुसरा. पिंपरी-चिंचवडच्या उद्योग पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. इतर दिवशी बैठक ठेवली तर दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी फोन वाजतो, मशिन बंद पडलंय, ट्रक दारात उभा आहे. सुट्टीचा दिवस घरच्यांचा, अशी हरकत आली आणि ती रास्त होती. म्हणून वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा. अकरा म्हणजे अकरा. घरी जेवायला वेळेवर पोचता आलं पाहिजे, हे आम्ही कसोशीनं पाळलं, आणि गट टिकण्यात त्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

जागेवरून जास्त चर्चा झाली. आळीपाळीनं एकमेकांच्या कारखान्यात भेटू, असं आधी ठरत होतं. ते चांगलं दिसतं, पण चालत नाही. आमच्यातले तिघं एकाच कामासाठी कोटेशन देणारे. शिवाय शॉपवर ग्राहकांची ड्रॉइंग लागलेली असतात, गुप्ततेचे करार असतात. शेवटी ज्या बाकावर सुरुवात झाली तिथेच गेलो. हीट ट्रीटमेंटवाल्याशी कुणाचीच स्पर्धा नसते, सगळ्यांचाच माल त्यांच्याकडे जातो. त्यांनी कँटीनचं मोठं टेबल दिलं. तटस्थ जागा शोधताना सभागृहांची यादी काढू नका. ज्याच्या दारात सगळे एरवी जातातच, असा माणूस शोधा.

नियम थोडे ठेवले. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं पुढच्या महिन्यात एक वस्तू घेऊन यायची: बिघडलेला जॉब, तुटलेलं टूल, घासलेला गेज, निदान कागदावरचा एक आकडा. स्लाइड नाहीत. पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव टेपनं झाकायचं. भावाची चर्चा नाही, आणि या टेबलावर भेटलेला माणूस फोडायचा नाही. चिठ्ठीवाल्यानं पंधरा मिनिटं सांगायचं. त्यानंतरची वीस मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला कुणीही द्यायचा नाही. सल्ल्याची पाळी नंतर. शेवटी चिठ्ठीवाला सांगणार की उद्या सकाळच्या शिफ्टला तो काय बदलून बघणार आहे, आणि पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं त्याची: बदललं का, काय झालं. सांगण्याचा क्रम आम्ही अमेरिकी लष्करातून घेतला. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या प्रशिक्षण केंद्रात १९८० च्या दशकात सरावानंतर चार प्रश्न विचारण्याची पद्धत रुळली. काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. तिथे हुद्दा बाजूला ठेवून शिपाईही अधिकाऱ्याची चूक सांगू शकतो.

वीस मिनिटांच्या प्रश्नांचा नियम सगळ्यांना सुरुवातीला फार जाचला. इंजिनिअरला अडचण ऐकून गप्प बसता येत नाही. तिसऱ्या बैठकीत मात्र त्या नियमाचं मोल कळलं.

चिठ्ठी होती व्हॉल्व्ह बॉडी करणाऱ्या एका मॅनेजरांची. त्यांनी प्लॅस्टिकच्या डबीत एम ६ मापाचे तुटलेले टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायची हत्यारं, आणले होते, वीसेक तुकडे. ते टेबलावर ओतले तेव्हा सगळे पुढे वाकले. ब्लाइंड होलमध्ये, म्हणजे आरपार न जाणाऱ्या भोकात, टॅप तुटतात, आणि तुटतात ते बहुतेक रात्रपाळीला. त्यांनी टॅपचा मेक तीनदा बदलला होता, ड्रिलचं माप तपासलं होतं, रात्रीच्या ऑपरेटरला दोन मेमो दिले होते. आता ते त्याला काढायच्या विचारात होते. प्रश्न सुरू झाले. होलची खोली? चिप कुठून निघते? टॅप किती होलनंतर बदलता? मग कोपऱ्यातल्या एका सेटरनं विचारलं. गिअरवाल्यांनी त्या दिवशी त्याला सहज सोबत आणलं होतं. "रात्री कूलंटची लेव्हल खाली गेली की त्यात काय घालतात?"

मॅनेजर थांबले. म्हणाले, "कूलंट."

"तेल स्टोअरमध्ये असतं ना? स्टोअर रात्री उघडं असतं?"

स्टोअर सहा वाजता बंद होत असे. रात्री लेव्हल कमी झाली की ऑपरेटर नळाचं पाणी ओतत होता. दुसरा मार्गच त्याला नव्हता. कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण) पातळ होत गेलं की वंगण कमी पडतं, आणि ब्लाइंड होलमधल्या टॅपला ते सगळ्यात आधी जाणवतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणातल्या तेलाचं प्रमाण मोजायचं यंत्र) लावून पाहिला. संध्याकाळी आठ टक्क्यांच्या घरात असलेलं कूलंट पहाटे चारवर आलेलं होतं. रात्रपाळीसाठी तयार मिश्रणाचा एक ड्रम मशिनपाशी ठेवला आणि रेघ मारली. पुढच्या बैठकीत ते तुटलेल्या टॅपची डबी घेऊन आले, तिच्यात त्या महिन्यातला एकच तुकडा होता. त्या ऑपरेटरची त्यांनी माफी मागितली होती, हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

सल्ल्याला मुभा असती, तर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी चौथ्या मेकचा टॅप सुचवला असता आणि चर्चा त्याच्या किमतीवर गेली असती.

या विषयावरचं वाचन मी नंतर केलं, आणि गट चालू असताना केल्यामुळे ते नीट उमगलं. मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ मध्ये मांडलं की माणसाला सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. मराठीत त्याला आपण हातोटी म्हणतो. सेटर म्हणतात, "हात बसलाय." ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्सच्या दुरुस्ती कारागिरांबरोबर फिरून पाहिलं, की मशिन कसं दुरुस्त करायचं ते हे लोक मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींतून शिकतात, जेवताना, चहा घेताना. आमचा बाक हाच होता. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांच्या शिकण्यावरच्या १९९१ च्या अभ्यासात लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला शिकाऊ मुलगा बटणं लावणं, काठ दुमडणं अशा शेवटच्या कामांपासून सुरुवात करतो, मग शिवण, आणि कापणं सर्वांत शेवटी. पूर्ण झालेला कपडा आधी हाताखालून जातो. आपल्याकडे नव्या हेल्परला आधी बर (कापल्यावर कडेला राहणारी खरबरीत धार) काढायला बसवतात, ते मला यानंतर वेगळं दिसू लागलं. हजार पूर्ण जॉब त्याच्या बोटांखालून जातात. धार कुठे चांगली आली, कुठे फाटली, हे त्याला मशिनला हात लावण्याआधी कळलेलं असतं. आम्ही बर काढण्याचं काम बाहेर कंत्राटानं दिलं होतं. ते मी परत आत आणलं.

मग चूक झाली, आणि ती चूक झाकून हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. गटातला एक तरुण इंजिनिअर मनापासून काम करणारा. ज्ञान टिपून ठेवायचं तर सगळं टिपलं पाहिजे, असं त्याला वाटे, आणि आम्हालाही ते पटलं. तो बैठकीचा सविस्तर वृत्तांत टाइप करून फोटोंसह व्हॉट्सॲपवर टाकू लागला. एका फोटोत जॉबवरची टेप अर्धी निघालेली होती. फोटो गटाबाहेर गेला, तिथून आणखी पुढे गेला आणि फिरत फिरत तो जॉब ज्यांचा होता त्या ग्राहकाच्या पर्चेस विभागात पोचला. आमच्या सभासदाला बोलावणं आलं: आमच्या पार्टमधला दोष तुम्ही चारचौघांत चर्चेला ठेवता? ऑर्डर गेली नाही, पण त्यांनी गट सोडला. मी त्यांच्या घरी गेले, बोलले. त्यांनी चहा दिला, रागावले नाहीत, परतही आले नाहीत. त्या खुर्चीवर पुढचे दोन महिने आम्ही कुणाला बसवलं नाही.

यातून मोठा पेच उभा राहिला. लिहिलं नाही तर ज्ञान हवेत विरतं, लिहिलं तर विश्वास जातो. दोन बैठका याच विषयावर गेल्या. लंडनच्या चॅटम हाउस या अभ्याससंस्थेचा १९२७ पासूनचा एक नियम आहे: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते बाहेर सांगू नका. दाराबाहेरसाठी आम्ही तो घेतला. दाराच्या आतसाठी दुसरा घेतला, तो झेरॉक्सकडूनच. १९९० च्या दशकात त्यांनी कारागिरांच्या युक्त्या साठवणारी 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली, आणि प्रत्येक युक्तीबरोबर ती देणाऱ्याचं नाव राहत असे. आमची एक वही आहे, साधी, दोनशे पानी. एका बैठकीला एक पान. ते पान चिठ्ठीवाल्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, तेही महिन्याभरानं, बदल करून पाहिल्यावर. ज्याच्या प्रश्नानं गाठ सुटली त्याचं नाव खाली लिहायचं. वही हीट ट्रीटमेंटवाल्यांच्या कपाटात असते. तिचा फोटो काढायचा नाही. ज्याला हवं त्यानं यावं, वाचावं, आपल्या वहीत उतरवून घ्यावं. ही पद्धत संथ आहे, हे मान्य. पण हातानं उतरवलेलं लक्षात राहतं, आणि वाचायला आलेला माणूस तिथे दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोच.

कूलंटच्या पानाखाली त्या सेटरचं नाव आहे. ते पान पाहायला तो त्याच्या मुलाला घेऊन आला होता.

त्याच्यामुळेच दुसऱ्या वर्षी आम्ही मोठा बदल केला. तोवर टेबलाभोवती बहुतेक मॅनेजर आणि मालक होते. ज्यांच्या हातात हातोटी होती ते शॉपवर होते. प्रत्येकानं आपला एक सेटर किंवा ऑपरेटर सोबत आणायचा असं ठरलं. पहिल्या दोन वेळा ती माणसं गप्प बसली. आपल्या साहेबासमोर काय बोलायचं, ही भीती डोळ्यांत दिसायची. मग बसण्याची रचना बदलली. आपल्या साहेबाशेजारी कुणी बसायचं नाही, दुसऱ्या कंपनीच्या माणसाशेजारी बसायचं. दुसऱ्याच्या साहेबाशी माणूस मोकळा बोलतो. त्याच्या हातात आपली पगारवाढ नसते, आणि त्यालाही आपल्याला विचारण्यात कमीपणा वाटत नाही. एवढ्याशा बदलानं खोलीचा आवाज बदलला. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या कामगाराला त्या वेळेचे पैसे मिळालेच पाहिजेत, असा माझा आग्रह होता. आठ कंपन्यांनी तो मानला. उरलेल्यांशी मी अजून भांडते आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं थांबलं. व्हिडिओ कॉलवर तीनदा जमून पाहिलं, पण वस्तू हातात घेता येत नव्हती, आणि आमचा गट वस्तूभोवती जमणारा. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा खरा फटका कळला. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातली आपापल्या गावी गेलेली माणसं पूर्ण संख्येनं परतली नाहीत. काकांच्या वेळी एक वर्तुळ रिकामं झालं होतं, आता एका फटक्यात भिंतभर वर्तुळं रिकामी झाली. त्या महिन्यांत वही वाचायला लोक एकेकटे येत, मास्क लावून, उभ्यानं उतरवून घेत. २०२१ च्या शेवटी आम्ही पुन्हा टेबलाभोवती बसलो तेव्हा तिघं नवे होते आणि एक जण या जगात नव्हते. त्यांच्या हातची दोन पानं वहीत आहेत.

गटामुळे काय बदललं हे आकड्यात सांगा, असं मला हमखास विचारतात. बारा कंपन्यांच्या रिजेक्शनचा एकत्र हिशोब आम्ही ठेवत नाही आणि ठेवणारही नाही, कारण तो मागितला त्या दिवशी गट मोडेल. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आमच्याकडे निवृत्तीच्या सहा महिने आधी सेटरसोबत दोन माणसं देतात, आणि त्यांचं काम एकच, दर दिवशी त्याला एक "का?" विचारणं. प्रोसेस शीटवर शेवटी एक रिकामी चौकट आली आहे, "हाताला काय लागतं" या मथळ्याची. पहिल्या पानावर तिथे काकांचं वाक्य आहे: तळहात ठेवून बघणे, गार झाल्यावर सोडून धरणे. दोघे सभासद चाकणला गेले, त्यांनी तिकडे स्वतःची भिशी लावली. आम्हाला त्यांनी फक्त वहीचा आकार विचारला.

न सुटलेलंही बरंच आहे. हजार रुपये जास्त मिळाले की माणूस शेजारच्या गाळ्यात जातो, त्यावर आमच्याकडे उत्तर नाही. पाच-सहा माणसांचे छोटे वर्कशॉपवाले, ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज, ते येत नाहीत. त्यांचा गुरुवारही मशिनवर जातो. त्यांच्यासाठी रात्री नऊची एक वेळ ठेवून पाहायची आहे. आणि बारांमध्ये बाई मी एकटीच आहे. असेंब्ली लाइनवर, इन्स्पेक्शनला इतक्या बायका काम करतात. त्यांच्या बोटांतलं ज्ञान अजून या टेबलावर आलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या बारांत निदान चार नावं त्यांची असावीत, यासाठी मी आत्तापासून फिरते आहे.

गेल्या गुरुवारी बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी काढली, ती प्रेस टूलवाल्यांची निघाली. बाकावरच्या पहिल्या दिवशी डायला लावायच्या कागदाबद्दल बोलले होते तेच. ते थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नियम वस्तू आणायचा आहे. पण आमचा तो जुना डाय फिटर सध्या मुलाकडे मोशीत राहायला आलाय. वस्तूऐवजी त्यालाच आणला तर चालेल का?"

कुणीच नाही म्हटलं नाही. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी विचारलं, तो चहा घेतो की कॉफी.